चोवीस तासांची पूर्वसूचना

७ जानेवारी, मंगळवार

एका शांतताप्रिय स्त्रीवर तिच्याच घरात झालेल्या अन्यायाची कुठेतरी लेखी नोंद राहावी, म्हणून आज ही वही उघडली. नाताळात नणंदेने दिलेली आहे. पहिली सहा पानं तिच्यावरच्या रागापोटी कोरी ठेवली होती. अन्याय असा: क्लाइव्हने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला न विचारता, न सांगता, घरातला थर्मोस्टॅट विसावरून एकोणिसावर आणला. एक अंश. जगात याहून मोठी दुःखं आहेत हे मला मान्य आहे, पण ती माझ्या पायांच्या बोटांना लागत नाहीत. मी तीनदा वीस केला, त्याने तीनदा एकोणीस. चौथ्यांदा गेले तर हा भिंतीशी बँकेच्या पहारेकऱ्यासारखा उभा. "स्वेटर घाल," म्हणाला. एकतीस वर्षांच्या संसारानंतर नवरा बायकोला स्वेटर घालायला सांगतो. तरुणपणी उलटं होतं.

टपालात कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र. इंकरमन स्ट्रीटवरचं माझं चौदा नंबरचं घर भाड्याने देण्याचा परवाना संपतोय. नवा हवा असेल तर घराचं नवं ऊर्जा प्रमाणपत्र जोडा. जुन्याची दहा वर्षांची मुदत उलटली. घर ऊब किती टिकवतं आणि त्यासाठी पैसा किती जाळतं, यावरून 'ए' ते 'जी' एक अक्षर मिळतं. 'ई'च्या खाली घसरलात तर घर भाड्याने देता येत नाही. तरी दिलंत तर पाच हजार पौंडांपर्यंत दंड.

मागच्या वेळी आमचं 'ई' होतं. काठावरचं, पण 'ई'. चार वर्षांपूर्वी मी स्वतःच्या खर्चाने तिथे नवे हीटर बसवलेत, तेव्हा आता 'डी' यायला हरकत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलामागे एकोणीस वर्षं बसून एक गोष्ट कळली. माणसं वर्षभर दात घासत नाहीत आणि यायच्या आधी वीस मिनिटं घासतात. आज मिसेस थिसलथ्वेट हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासून आल्या. डॉक्टर त्यांना काही बोलत नाहीत, मीही बोलत नाही. पण मला कुणी फसवू शकत नाही. माणसाने तोंड उघडायच्या आधीच मला सगळं कळलेलं असतं.

चौदा नंबरचे भाडेकरू मिस्टर डकवर्थ यांना फोन केला. कायद्याने घरमालकाला भाडेकरूच्या घरी जायचं तर चोवीस तास आधी सांगावं लागतं. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे "उद्या अकरा!" हे तीनदा ओरडावं लागलं. खोलीत बसलेल्या चार रुग्णांनीही आपापल्या डायरीत लिहून घेतलं.

११ जानेवारी, शनिवार

चौदा नंबरला जाऊन आले. मिस्टर डकवर्थ तिथे १९८६ पासून राहतात. घर माझ्या वडिलांनी घेतलेलं, वडील गेले आणि घर भाडेकरूसकट माझ्याकडे आलं. वय ब्याऐंशी. बायको डोरीन जाऊन नऊ वर्षं झाली. पंधराव्या वर्षापासून कापडगिरणी बंद पडेपर्यंत ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर होते. कान तिथेच गेले. त्या काळी गिरणीतली सगळीच माणसं ओठ वाचून बोलायची. सहा साच्यांपलीकडल्या बाईची भानगड इकडे अक्षरशः दिसायची, असं माझी आई सांगे. मी छपन्न वर्षांची आहे, पण मिस्टर डकवर्थ मला अजून 'पोरी' म्हणतात. या गावात मला असं म्हणणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

नेहमीसारखं पुढच्या खोलीतच बसवलं. स्वयंपाकघरात पसारा आहे म्हणाले, तोही नेहमीसारखाच. खोली मस्त उबदार. मी तर कोट काढून, स्वेटरही काढून बसले. माझ्या घरात ही चैन नाही. हीटर माझ्या खुर्चीला लागून ठेवलेला, पांढराशुभ्र, चपटा, अगदी चित्रातल्यासारखा. फक्त खोलीत धूळ जळल्याचा वास येतो, दर खेपेला येतो. एकट्या पुरुषाच्या हातून झाडलोट ती किती व्हायची.

प्रमाणपत्राचा माणूस गुरुवारी येईल असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मनुका भरलेल्या एक्ल्स केकचं ताट पुढे केलं. निघताना म्हणाले, दार नीट ओढून घे. हेही दर वेळी म्हणतात.

चारशे दहा पौंड भाडं घेते मी. त्या रस्त्यावर आता साडेसहाशे चाललंय. क्लाइव्ह मला 'धर्मादाय संस्था' म्हणतो. ते ऐकायला मला आवडतं, हे त्याला सांगत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

प्रमाणपत्राचा माणूस: मिस्टर ग्रिमशॉ. साठीचा, डोळ्यांखाली पिशव्या, हातात लाल ठिपका टाकून अंतर मोजणारं यंत्र. भिंतीवर बोटाने टकटक केली, दगडी, आत पोकळी नाही, म्हणून सुस्कारा. माळ्याची झडप उघडून डोकं आत घातलं, ऊब धरून ठेवायची जुनी काचलोकर जेमतेम चार इंच, म्हणून सुस्कारा. मग हीटरपाशी येऊन थांबले आणि सुस्कारासुद्धा टाकला नाही.

"हे कुणी सुचवलं?"

मी म्हटलं, मीच. जरा अभिमानानेच म्हटलं.

मग त्यांनी मला समजावलं, अगदी हळू, दुखऱ्या दातावर बोट ठेवावं तसं. आधी तिथे जे बोजड तपकिरी पेटारे होते, त्यांच्या पोटात विटा असतात. रात्रीच्या स्वस्त विजेवर त्या तापतात आणि दिवसभर ऊब सोडत राहतात. माझे हे चपटे सुंदर हीटर भर दिवसाची महाग वीज खातात आणि बंद केल्या क्षणी गार होतात. आठवड्याला एक तरी घरमालक असा भेटतो म्हणाले. चांगल्या मनाने पेटारे काढून टाकतो आणि एक अक्षर खाली जातो.

ते पेटारे घेऊन जायला मी भंगारवाल्याला वर चाळीस पौंड दिले होते.

मिस्टर डकवर्थ हे सगळं कोपऱ्यातल्या खुर्चीतून बघत होते. मध्येच ग्रिमशॉंना म्हणाले, "हीटर फार छान आहेत हो. पोरीने प्रेमाने आणलेत." ग्रिमशॉंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग हीटरच्या बटणाकडे, मग परत त्यांच्याकडे. या माणसाला बोलायचे पैसे मिळत नसावेत.

१७ जानेवारी, शुक्रवार

शंभरापैकी चौतीस. 'ई'ला एकोणचाळीस लागतात. आमचं 'एफ'.

मी शाळेतसुद्धा कधी नापास झाले नव्हते.

१९ जानेवारी, रविवार

क्लाइव्हने जेवणाच्या टेबलावर हिशोब मांडला. विटांचे तीन नवे हीटर, वायरिंग, रात्रीच्या दराचं मीटर, माळ्यावर अकरा इंच काचलोकर: सगळं मिळून तीन हजार दोनशे. खर्च साडेतीन हजारांच्या वर गेला असता तर कायद्याने काम न करण्याची मुभा मिळाली असती. आमचं दुर्दैव असं की आमचं काम स्वस्तात होतंय.

दुपारी प्रमाणपत्राची प्रत टाकायला दोघं गाडीने चौदा नंबरला गेलो. पूर्वसूचना दिली नव्हती, म्हणून आत जायचं नव्हतं. दारातल्या फटीतून पाकीट आत सोडायचं आणि परत. पण गाडी दारासमोर लावली आणि तिथेच बोलणं पेटलं. क्लाइव्ह म्हणाला, विकून टाक. वरून सरकार २०३० पर्यंत 'सी' मागणार म्हणतात, म्हणजे हे खर्च संपणारे नाहीत, या घराला आपण दत्तक घेतलेलं नाही. मी म्हटलं, मिस्टर डकवर्थ कुठे जातील? तो म्हणाला, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला कौन्सिल कुठेतरी जागा देतंच. मग मीही काहीतरी व्यवहाराचं बोलले आणि विषय मिटला. काय बोलले ते इथे लिहिण्याइतकं महत्त्वाचं नाही.

मिस्टर डकवर्थ खिडकीत उभे होते. गाडी आणि खिडकी यांच्यात फक्त फुटपाथ. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर टोपी, बहुतेक फिरायला निघत असावेत. आम्हाला पाहून त्यांनी हात हलवला. आम्हीही हलवला. क्लाइव्हने तर हसून हलवला, इतका निर्लज्ज आहे तो.

२२ जानेवारी, बुधवार

चमत्कार. मिस्टर डकवर्थनी स्वतः फोन केला. एकोणचाळीस वर्षांत हा तिसरा: एकदा छप्पर गळलं तेव्हा, एकदा डोरीन गेली तेव्हा. ऐकू येत नसल्यामुळे ते बोलतात, उत्तराची वाट बघत नाहीत आणि ठेवून देतात. म्हणाले, "पोरी, मला घरात कामं नकोत. धूळ होते, माणसं येतात-जातात. माझा नकार आहे. तसं लेखी देतो." आणि ठेवला.

क्लाइव्ह खुर्चीतून उठला. भाडेकरूनेच सुधारणेला नकार दिला तर घरमालकाला पाच वर्षांची सूट मिळते. तो नकार सरकारी नोंदवहीत चढवला की झालं. एक पौंड खर्च नाही. क्लाइव्ह म्हणाला, "देवमाणूस आहे." तीन दिवसांपूर्वी याच देवमाणसाला कौन्सिलच्या जागेत पाठवत होता.

मलाही हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू. पण थोडा रागही आला. मी त्यांच्यासाठी एवढं करायला निघाले होते, निदान निघण्याच्या बेतात होते, आणि त्यांना धुळीचं पडलंय.

२५ जानेवारी, शनिवार

पत्र आलं. निळी शाई, वळणदार अक्षर, गिरणीतल्या रात्रशाळेतलं. "मी, नॉर्मन डकवर्थ, राहणार १४ इंकरमन स्ट्रीट, वरील घरात सुधारणेचं कोणतंही काम करण्यास पूर्ण विचारांती नकार देत आहे. घर मला पुरेसं आहे. घरमालकीणबाईंचा यात काही दोष नाही."

शेवटचं वाक्य कुणी मागितलं होतं?

क्लाइव्ह पत्राचा फोटो काढायला बसला आणि शिव्या देत उठला. तारीखच नाही. तारखेशिवाय नकार कधीचा, सूट कुठून मोजायची? परत जाऊन तारीख घालून आणायला हवी. एवढ्यासाठी कोण ओरडून पूर्वसूचना देणार. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन येईन, पाच मिनिटांचं काम.

२८ जानेवारी, मंगळवार

हे नीट लिहून ठेवायचं ठरवलंय, नाहीतर उद्या मी ते जरा बरं करून आठवेन.

एक वाजता गेले. बाहेर भुरभुर बर्फमिश्रित पाऊस. बेल वाजवली, बराच वेळ कुणी आलं नाही. मग दार उघडलं. मिस्टर डकवर्थ ओव्हरकोटात, त्याखाली दोन स्वेटर, डोक्यावर टोपी, बोटं कापलेले हातमोजे. मला वाटलं बाहेरून आले असावेत. पण पायात सपाता होत्या.

"तू फोन नाही केलास," ते म्हणाले.

यात तक्रार नव्हती. न्हाव्याकडे जायच्या आधीच पाहुणे आले तर माणूस बोलेल, तशा सुरात बोलले. मी म्हटलं, कागदावर तारीख राहिलीय, इथेच घाला, मी निघते. पण मला दारात उभं करणं त्यांच्याच्याने होईना. स्वयंपाकघरातून पेन आणायला वळले आणि मी मागोमाग गेले. एकोणचाळीस वर्षांत ते स्वयंपाकघर मी पहिल्यांदा पाहिलं. पसारा कसला, टेबलावर एक बशीसुद्धा उष्टी नव्हती. चुलीशेजारी एक खुर्ची, खुर्चीवर पलंगावरची रजई, रजईत गरम पाण्याची पिशवी. खुर्चीखाली पायांसाठी दुमडलेलं गोणपाट. टेबलावर लोणी होतं, त्यात सुरी उभी रुतवलेली, कापायला गेले असतील आणि कापलं गेलं नसेल. आम्ही दोघं बोलत होतो आणि दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"पुढच्या खोलीत चल," ते म्हणाले. "लावतो. पंधरा मिनिटं लागतील, पोरी. तोवर कोट काढू नकोस."

मी नको म्हणेपर्यंत त्यांनी बटण दाबलं. हीटर किंचित कुरकुरला, आणि मग तो वास आला. धूळ जळल्याचा. महिनोन्महिने बंद असलेल्या वस्तूला अचानक ऊब दिली की येतो तो. चार वर्षं मी हा वास घेतेय आणि चार वर्षं यांना झाडलोट जमत नाही असं समजतेय.

मी विचारलं, हा कधी लावता तुम्ही?

"तू येणार असलीस की."

मग त्यांनी कागद मांडीवर घेऊन पेनाचं टोपण काढलं आणि अगदी कामाच्या सुरात विचारलं, पाच वर्षं आजपासून मोजतात की नोंदवल्याच्या दिवसापासून? ते वाचनालयात जाऊन सगळं वाचून आले होते. ग्रिमशॉंनी ठेवलेलं पत्रकही जपून ठेवलेलं. म्हणाले, "पाच वर्षं कुणी विचारायला येत नाही. माझं तेवढ्यात भागतं."

मी म्हटलं, असं काय बोलता?

"तूच बोललीस की. त्या रविवारी, गाडीत." खिडकीकडे बोट दाखवलं. "क्लाइव्ह म्हणाला, विकून टाक. तू म्हणालीस, थांब थोडं, ब्याऐंशी वर्षांचे आहेत, असे किती दिवस राहिलेत. राग नाही हं, पोरी. हिशोब बरोबरच आहे तुझा. क्लाइव्हचं शेवटचं वाक्य तेवढं कळलं नाही, काच पुसायला झालीय."

मी काय म्हणाले? मी म्हणाले, चहा मी करते.

स्वयंपाकघरात उभी राहिले. केटलीत पाणी एका कपापुरतंच होतं. दुसऱ्या कपाचं घालू की नको, याचा मी खूप वेळ विचार केला.

तारीख घातलेला कागद घेऊन आले. त्यांनीच हातात दिला. पर्समध्ये आहे.

२९ जानेवारी, बुधवार

दिवसभर दवाखान्यात. लिहिण्यासारखं काही नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

कागद अजून पर्समध्ये. क्लाइव्हने तीनदा मागितला. तिसऱ्यांदा मी सगळं सांगितलं, गाडीतल्या माझ्या वाक्यासकट. तो म्हणाला, ते तर आपण दोघांत बोललो होतो. मी म्हटलं, दोघांतच बोललो, फक्त तोंड त्यांच्याकडे करून.

मग म्हणाला, तीन हजार दोनशे. मी म्हटलं, मदेराचं रद्द कर. आठ दिवस मदेरा बेटावर जायचं ठरलं होतं मे महिन्यात, समुद्राकडे तोंड असलेली खोली. तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या वाक्याची शिक्षा मला?" मी म्हटलं, तू शेवटचं वाक्य काय बोललास ते सांग, मग शिक्षा वाटून घेऊ. त्याला आठवेना. मला आठवत होतं, पण मी सांगितलं नाही.

मदेराच्या आगाऊ रकमेतले निम्मे परत मिळतील म्हणतात. सगळं काही एकदम चांगलं होत नसतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

फोन करून, चोवीस तास आधी, तीनदा ओरडून, मिस्टर डकवर्थकडे गेले. खोली उबदार. मी आधी हीटर बंद केला, मग बसले. कोट काढला नाही.

कामं करून घ्या असं सांगायला गेले होते. वाटलं होतं, ऐकून खूश होतील. त्यांना ते मुळीच पटलं नाही. नकार दिलाय, तारीखही घातलीय, आता फिरवायचा कसा. शब्द म्हणजे शब्द. मी म्हटलं, तो कागद मी चढवलाच नाही. मग म्हणाले, याच रस्त्यावर बावीस नंबरला असेच हीटर लावले, रंग दिला, आणि दोन महिन्यांत त्या बाईंना घर सोडायला सांगून भाडं सातशे केलं. आधी दुरुस्ती, मग नोटीस. त्यांनी हे रस्ताभर पाहिलंय. म्हणजे या माणसाने चार हिवाळे थंडीत काढले ते माझं मन मोडू नये म्हणून, आणि पाचवा काढायला निघाला होता ते डोरीनच्या घरातून जावं लागू नये म्हणून. आणि मी इतके दिवस धुळीवर रागावून बसले होते.

मी कागदावर लिहून दिलं: पाच वर्षं भाडं चारशे दहाच, आणि घर विकणार नाही. क्लाइव्हला विचारलं नव्हतं. सही केली, तारीख घातली. त्यांनी तारीख दोनदा वाचली.

"एक अट आहे," म्हणाले.

मी म्हटलं, बोला.

"फोन करून येत जा."

मी म्हटलं, येईन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कामाला सुरुवात. इआन नावाचा वायरमन आणि त्याचे दोघे. मागच्या झोपायच्या खोलीत पलंग सरकवला तर मागे भिंतभर काळी बुरशी, छतापासून जमिनीपर्यंत. इआन म्हणाला, इथे कुणी झोपतं का? मिस्टर डकवर्थ म्हणाले, उन्हाळ्यात. जुना गिलावा खरवडून नवा लावला आणि भिंत सुकवायला ओलावा खेचणारं एक मोठं यंत्र आणून ठेवलं, दिवसरात्र चालू. ते यंत्र इतकं घोंघावतं की मला पाच मिनिटं बसवेना. मिस्टर डकवर्थ कानातली मशीन काढून खिशात टाकून त्याच्या शेजारी बसले होते. साचेखात्यात असल्यासारखं वाटतं म्हणाले.

१ मार्च, शनिवार

यंत्र परवा नेलं. भिंत सुकली. नऊ दिवस लागले. क्लाइव्हने स्वतः जाऊन खोलीला रंग दिला. मी सुचवलं नव्हतं. परत आल्यावर एवढंच म्हणाला की खिडक्यांच्या काचाही पुसल्या. मग आंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

७ मार्च, शुक्रवार

ग्रिमशॉ परत आले. लाल ठिपका, माळा, टकटक, पण सुस्कारे कमी. बावन्न. 'ई'.

म्हणजे सरकारच्या मते चौदा नंबरचं घर आता लाजिरवाणं राहिलेलं नाही, नुसतं हलकं आहे. 'सी'ला एकोणसत्तर लागतात. सतरा गुणांसाठी आम्हाला बहुधा दगडी भिंतींनाही स्वेटर घालावे लागतील. परवान्याचा अर्ज पाठवला. त्यात एक रकाना होता: भाडेकरूंच्या सोयीसाठी आपण काय केलं? तीन ओळी दिल्या होत्या. मी एक लिहिली आणि खोडली.

ग्रिमशॉ जाताना दारात थांबले. मला म्हणाले, मागच्या वेळी हीटरचं बटण बघितलं होतं मी. त्याच्या खाचेत धूळ होती. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, माझ्या फॉर्मवर घराबद्दल लिहायचं असतं, माणसाबद्दल रकाना नसतो.

१३ मार्च, गुरुवार

फोन करून चौदा नंबरला गेले. नवीन पेटारे भिंतीला लागलेत, बोजड, तपकिरी नाहीत पण देखणेही नाहीत. मिस्टर डकवर्थ एका स्वेटरात होते. टोपी नव्हती. त्यांचं डोकं किती टकलं आहे ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

रात्रीच्या दराचं मीटर नीट लागलंय ना बघायला जिन्याखालचं कपाट उघडलं. त्यांचं मीटर आधी पैसे भरून चालणारं आहे: मीटरला एक निळी प्लॅस्टिकची किल्ली असते, ती दुकानात नेऊन रिचार्ज करायची आणि परत मीटरमध्ये खुपसायची. मीटरवर आकडा उणे होता. शिल्लक संपून उसन्या विजेवर चालू होतं.

तेव्हा डोक्यात आलं की भिंत सुकवणारं ते यंत्र नऊ दिवस, नऊ रात्री कुणाच्या विजेवर चाललं. माझ्या भिंतीची ओल, त्यांच्या किल्लीवर. इआनने विचारलं नाही, मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

किल्ली काढली. दूध संपलंय असं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकान शाहीनचं. तिने किल्ली बघूनच ओळखली, वर दोऱ्याचा तुकडा बांधलेला आहे म्हणे.

"नॉर्मनची ना? पाच?"

मी म्हटलं, पाचच का?

"दर शुक्रवारी पाच. उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात पाच." मग म्हणाली, गेल्या महिन्यात मात्र मध्येच दोनदा आले होते, एकदा दहा टाकले, एकदा पंधरा. "मी म्हटलं, घरी पाहुणे आलेत का? तर म्हणाले, भिंत आलीय."

पन्नास टाकावे असं मनात आलं. पण पन्नास म्हणजे भेट, आणि माझी भेट ते चार वर्षं जपून न वापरता ठेवतात हे मी पाहिलंय. मी भिंतीचे पंचवीस सांगितले. शाहीनने यंत्रात किल्ली घातली, पावती फाडून दिली. पावती मी दुकानातच टाकली.

दूध घेऊन परत आले. मिस्टर डकवर्थ पुढच्या खोलीत कप मांडत होते. मी जिन्याखाली वाकून किल्ली मीटरमध्ये बसवली आणि आकडा बदलेपर्यंत थांबले. मग कपाट लावलं आणि चहा घ्यायला आत गेले.